‘अपडेट बंद करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका



परवा मूलला प्रशिक्षणाला गेलो होतो. ऑनलाइन फॉर्म, झेरॉक्स, पॅनकार्ड असं दुकान टाकायच्या तयारीत असलेल्या एका ताईंनी आपला सेकंड-हँड कॉम्प्युटर दाखवला. विकणाऱ्याने मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, "मॅडम, अपडेट बंद करून दिलंय, आता त्रासच नाही." आणि त्याचे शंभर रुपये वेगळे घेतले होते!

मूल म्हणजे राइस मिलचं गाव. उद्या एखादा मिस्त्री मिलवाल्याला म्हणाला, "बेअरिंगला ग्रीस लावायची कटकट कायमची बंद करून देतो," तर मिलवाला त्याला उभं करेल का? कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपण त्यालाच हुशार समजतो.

लोक अपडेट बंद का करतात, हे मला कळतं. दुकान मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं, दिवसाचा डेटा ठरलेला. भामरागडकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ता बंद, तिथे नेटचं काय घेऊन बसलात. त्यात समोर गिऱ्हाईक उभं, फॉर्मची शेवटची तारीख, आणि स्क्रीनवर ‘बंद करू नका, ३० टक्के पूर्ण’. डोकं फिरणारच. तक्रार खोटी नाही, पण काढलेला उपाय चुकीचा आहे.

अपडेट म्हणजे नुसते नवीन रंग आणि बटणं नाहीत. बऱ्याचदा ते सापडलेलं भोक बुजवणं असतं. २०१७ चंच बघा. विंडोजमधलं एक भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चला दिलं. १२ मे रोजी त्याच भोकातून ‘वॉनाक्राय’ घुसला. फायली कुलूपबंद, उघडायच्या तर खंडणी द्या. दीडशेच्या आसपास देशांत दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर सापडले. मध्ये जवळजवळ दोन महिने होते! त्यानंतरही सगळे जागे झाले नाहीत. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याने पसरायला इतर वाटांबरोबर हेच भोक वापरलं आणि नवी मुंबईच्या जेएनपीटी बंदरातल्या एका कंटेनर टर्मिनलचं कामकाज ठप्प झालं. ते टर्मिनल मर्स्क या जगातल्या बड्या जहाज कंपनीच्या गटाचं. अशी कंपनी कोट्यवधींचा फटका खाऊन परत उभी राहते. तुमच्याकडे एकच कॉम्प्युटर आहे, आणि त्यात गावातल्या लोकांचे आधार, जातीचे दाखले, पासबुकाचे स्कॅन पडलेले आहेत. ते गेले किंवा कुणाच्या हाती लागले, तर लोक मायक्रोसॉफ्टला विचारायला जाणार नाहीत. तुमच्या दारात येतील.

आता कुणी जाणकार म्हणेल, "सर, अपडेटनेसुद्धा घोळ होतो." होतो. नॉटपेट्याची सुरुवातच युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाली होती. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पाडले, विमानतळांवर रांगा लागल्या. म्हणून माझं मत असं: अपडेट आल्या मिनिटाला दाबू नका, दोन-चार दिवस थांबलात तर चालेल. दोन महिने थांबू नका. आणि कामाच्या फायलींची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. ती डिस्क काम झालं की काढून ठेवायची, लावून ठेवायची नाही. लावलेली असली तर तीही कुलूपबंद होते.

डेटा वाचवायचा असेल तर वाय-फायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, म्हणजे मोठी अपडेट्स सहसा परस्पर उतरत नाहीत. पण मग आठवड्यातून एका रात्री, दुकान बंद झाल्यावर, स्वतः बसून ती उतरवायची. ‘अॅक्टिव्ह अवर्स’मध्ये दुकानाची वेळ टाकली की भर गर्दीत मशीन रीस्टार्ट होत नाही. ब्राउझरला विसरू नका, तुमचं निम्मं काम तिथेच चालतं. आणि क्रॅक केलेलं विंडोज असेल तर वरचं सगळं वाया. क्रॅक करणाऱ्याने आत काय ठेवलंय ते तोच जाणे.

विंडोज १० वाल्यांनी नीट वाचा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती कॉम्प्युटरसाठी सुरक्षा अपडेट्सची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला, तर तिला पैसे पडत नाहीत. सेकंड-हँड मशीन घेताना मात्र आधी विचारा, "यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं का?" नाही म्हणाला तर किंमत पाडा, नाहीतर सोडून द्या.

एक नेहमीचं सांगतो. पीएमईजीपी किंवा सीएमईजीपीचे प्रोजेक्ट रिपोर्ट मी बघतो, त्यात कॉम्प्युटर, प्रिंटर, टेबल, खुर्ची सगळं असतं. अस्सल विंडोज, यूपीएस आणि बाहेरची हार्ड डिस्क यांची ओळ क्वचित दिसते. कर्ज मागतानाच ती टाका, नंतर गल्ल्यातून हा खर्च निघत नाही.

मूलच्या ताईंचं अपडेट आम्ही तिथेच चालू केलं. पावणेतीन तास लागले. मध्ये एकदा लाइट गेली, पण यूपीएस होता.