शेजाऱ्यांची एकच मोजपट्टी

आग्नेय आशियातील सहा देशांनी २०१९ मध्ये पाचवीच्या मुलांची एक सामाईक चाचणी घेतली. कंबोडिया, लाओस, मलेशिया, म्यानमार, फिलिपिन्स आणि व्हिएतनाम हे ते देश. चाचणीचे नाव ‘सी-पीएलएम’. त्या भागातील शिक्षणमंत्र्यांची संघटना ‘सीमिओ’ आणि ‘युनिसेफ’ यांनी ती उभी केली. वाचन, लेखन आणि गणित हे तिचे विषय होते. जागतिक नागरिकत्वाची जाणही प्रश्नावलीतून अजमावली गेली.

पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ‘पिसा’ ही जागतिक चाचणी आधीपासून आहे. पण प्राथमिक शाळेतच मुले मागे पडत असतील, तर पंधराव्या वर्षी ते कळून उपयोग उरत नाही. शिवाय प्रश्न फार कठीण असले की बहुतेक मुले तळाच्या एकाच गठ्ठ्यात जमा होतात. कोणाला अक्षरे जुळवता येत नाहीत आणि कोणाला वाक्य कळते पण उतारा कळत नाही, हा फरक त्या गठ्ठ्यात दिसत नाही. शेजाऱ्यांच्या चाचणीत खालच्या पायऱ्यांवरही पुरेसे प्रश्न ठेवता येतात. तिचे खरे मोल यात आहे.

अशी चाचणी बांधणे अतिशय कष्टाचे असते. आधी सगळ्या देशांचे अभ्यासक्रम समोर ठेवून पाचवीपर्यंत कुठे काय शिकवले जाते ते पाहावे लागते. मग येतो भाषेचा प्रश्न. ख्मेर आणि लाओ लिपींत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. व्हिएतनामी रोमन लिपीत लिहितात आणि तिचा प्रत्येक अक्षरावयव सुटा ठेवतात. त्यामुळे शब्द मोजून उताऱ्याची काठिण्यपातळी ठरवण्याची सोपी युक्ती इथे चालत नाही. भाषांतर झालेला प्रत्येक प्रश्न मुलांवर आधी वापरून पाहावा लागतो. एखादा प्रश्न एकाच देशात अकारण अवघड ठरला, तर बहुधा दोष भाषांतराचा असतो. एकाच मुलाला सगळे प्रश्न देणे शक्य नसल्याने वेगवेगळ्या पुस्तिका वाटतात. त्यांतले काही प्रश्न समान ठेवतात आणि त्या दुव्यांवरून सर्वांचे गुण एकाच मापावर आणतात. सर्वांत नाजूक काम लेखन तपासण्याचे. सहा देशांतल्या परीक्षकांना ‘बरा परिच्छेद’ म्हणजे काय, यावर आधी एकमत करावे लागते.

निकालातली दरी मोठी होती. वाचनाच्या सर्वांत वरच्या पायरीवर व्हिएतनामची ८२ टक्के मुले पोहोचली, मलेशियाची ५८ टक्के, तर लाओसची अवघी २ टक्के. मात्र हे आकडे स्पर्धेच्या निकालासारखे वाचणे चूक आहे. फिलिपिन्सच्या मुलांनी चाचणी इंग्रजीत दिली आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी वेगळीच भाषा बोलली जाते. त्यामुळे तिथला आकडा वाचनाबरोबर शिक्षणाच्या माध्यमाबद्दलही बोलतो.

इतर खंडांत ही वाट जुनी आहे. फ्रेंच माध्यमाच्या आफ्रिकी देशांत ‘पासेक’ १९९१ पासून, आफ्रिकेच्या दक्षिण व पूर्व भागांत ‘सॅकमेक’ १९९५ पासून, आणि लॅटिन अमेरिकेत युनेस्कोच्या सांतियागो कार्यालयाने उभी केलेली यंत्रणा १९९४ पासून.

दक्षिण आशियात सरकारांनी मिळून असे काही उभारलेले नाही, आणि ही उणीव गंभीर आहे. ‘पिसा’च्या २००९ च्या फेरीत भारतातून हिमाचल प्रदेश आणि तमिळनाडू उतरले, दोन्ही तळाशी राहिले आणि त्यानंतरच्या फेऱ्यांत भारत उतरला नाही. शेजाऱ्यांचे माप एक होऊ शकते, हे नागरी संस्थांनी दाखवले आहे. मुंबईच्या वस्त्यांत १९९५ मध्ये सुरू झालेल्या ‘प्रथम’ने २००५ पासून ‘असर’ पाहणीत घरोघरी जाऊन मुलांचे वाचन आणि गणित तपासले. ती रीत पाकिस्तानात आणि पूर्व आफ्रिकेत गेली. पुढे त्याच परंपरेतील संस्थांनी २०१९ मध्ये १३ देशांत गणिताची सामाईक चाचणी घेतली. त्यात भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि बांगलादेश एकत्र होते.

आग्नेय आशियाला जे भाषांतराचे ओझे उचलावे लागले, ते इथे बरेच हलके होईल. बंगाली ढाक्यात आहे आणि कोलकात्यातही, तमिळ जाफन्यात आणि मदुराईत, नेपाळी काठमांडूत आणि दार्जिलिंगमध्ये. लाहोरच्या पाचवीतला उर्दू उतारा मालेगावच्या उर्दू शाळेत जवळजवळ जसाच्या तसा ठेवता येईल. मग दोन्हीकडच्या गुणांत जो फरक पडेल, त्याचे कारण भाषांतरात शोधावे लागणार नाही. ते शाळेत, पुस्तकात आणि घरात शोधता येईल.