मास्तर घरी बसण्याआधी

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या जवळपास प्रत्येक टॉवेल कारखान्यात मास्तरांच्या खणात एक वही असते. पानांवर तेलाचे डाग, कडा दुमडलेल्या. ताण्याला सूत कोणतं, इंचाला पिक किती, धुतल्यावर टॉवेल किती आटला, असे वीस-पंचवीस वर्षांचे आकडे तिच्यात असतात. तोच आकडा का घेतला, हे मात्र कुठं लिहिलेलं नसतं. ते मास्तरांच्या डोक्यात, आणि मास्तर आता साठीला टेकलेत.

यंत्रमागधारकांनो, ते ‘का’ आत्ताच उतरवून घ्या.

मोठ्या उद्योगांत याला ज्ञानाधारित अभियांत्रिकी म्हणतात. विमानं, मोटारी बनवणाऱ्या कंपन्या 1980च्या दशकापासून हेच करत आल्या: जाणकाराचे नियम संगणकात घालायचे, म्हणजे एक माप बदललं की बाकीची मापं आपोआप निघतात. नाव भारदस्त असलं तरी बिचकू नका. चादरीच्या जकार्डवर आपण पंचकार्ड चढवतो, तेव्हा नक्षीचं ज्ञान कार्डात साठवलेलंच असतं की! पण कार्ड फक्त ठरलेला मोर विणतं. पन्हा बदलला तर मोर कसा बसवायचा, हे कार्ड सांगत नाही.

टॉवेलचंच घ्या. 30 बाय 60 इंच, 400 जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला 400 ग्रॅम. वजन साधारण 465 ग्रॅम. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, ‘माप तेच, 450 करा, दर लगेच सांगा.’ म्हणजे 523 ग्रॅम. हे वरचे 58 ग्रॅम आणायचे कुठून? लूप उंच केला तर लुपाचं बीम लवकर संपतं. पिक 40च्या 45 केल्या तर त्याच वेगात मागाचं उत्पादन एक नवमांशानं घटतं. सूत जाड घेतलं तर हाताला लागणारा मऊपणा बदलतो. शिवाय काठाच्या पट्टीत लूप नसतात, तिथलं वजन वेगळं धरावं लागतं. मास्तर हे सगळं चहा संपायच्या आत सांगतात. मास्तर गावाला गेलेले असले की मालक अंदाजानं दर देतो, आणि त्यातला तोटा माल धुऊन आल्यावर कळतो.

सुरुवातीला महागडं सॉफ्टवेअर घेऊ नका. विकणारा येईल, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवेल. त्याला तुमचं सूतही माहीत नाही आणि तुमचं पाणीही. एकच माल निवडा. मास्तरांना विचारत बसा: ‘असं झालं तर काय करता? आणि ते जमलं नाही तर?’ उत्तरं तेलुगूत आली तर तेलुगूतच लिहा. मग साध्या एक्सेलमध्ये मांडा. वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या मुलांना शेवटच्या वर्षी प्रकल्प करावाच लागतो, त्यांना बोलवा. मांडणी झाली की जुन्या दहा ऑर्डरी त्यात घालून बघा. निघालेलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळत नसेल तर एखादा नियम सुटलाय. पुन्हा मास्तरांकडे जा. सुताची गिरणी बदलली की आकडे परत तपासा, नाहीतर वर्षभरात तीच एक्सेल तुम्हाला बुडवेल.

खरी अडचण संगणकाची नाहीच. ‘सगळं सांगून टाकलं तर उद्या मला कोण विचारणार?’ ही मास्तरांची भीती खोटी नाही. कित्येक मालकांनी सगळं काढून घेऊन मास्तरांना विचारणं सोडलंही आहे. म्हणून या कामाचे वेगळे पैसे द्या, आणि नियम बदलायचा हक्क त्यांच्याकडेच ठेवा. तुमच्या पोराला त्यांच्या शेजारी बसवा; केबिनमध्ये बसून तो जीएसएम शिकणार नाही. नियमांची एक प्रत मात्र स्वतःच्या कपाटात ठेवा, बाहेरच्या कुणाच्या भरवशावर सोडू नका.

या आठवड्याच्या सुट्टीला माग बंद असतील, खडखडाट नसेल, बोललेलं ऐकू येईल. मास्तरांना चहाला बोलवा, आणि येताना वही घेऊन या म्हणावं.