काटा खरं बोलतोय ना?

अमेरिकेत कित्येक हौशी नेमबाज काडतुसं घरीच भरतात. दारू मोजायची ग्रेनमध्ये; १ ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. पिस्तुलाच्या काडतुसात पाचेक ग्रेन, म्हणजे अर्ध्या ग्रेनची चूक झाली की झाले १० टक्के! जास्त भरली तर हातातलं पिस्तूलच फुटू शकतं.

डिजिटल काट्याबरोबर बहुधा २० किंवा ५० ग्रॅमचं वजन येतं. त्यावर काटा बरोबर आला, की लोक निर्धास्त होतात. मला हे पटत नाही. तोच काटा पाव-अर्ध्या ग्रॅमला चुकू शकतो. पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा आकडा हलतो. जेवढी दारू भरायची, साधारण तेवढ्याच वजनाचं प्रमाणित माप सुरुवातीला आणि मधूनमधून ठेवून बघावं. पाच मिनिटं जातील, पण डोळे शाबूत राहतील.