वेळूची खुंटी

जपानी तलवारीची मूठ आपल्या आवडीप्रमाणे सजविणे हा अनेकांचा छंद आहे. लाकडी मुठीवर पाकट माशाचे खरखरीत कातडे चढवितात, वरून रेशमी फीत गुंफतात आणि तिच्या विणीत धातूची नाजूक शिल्पे बसवितात. १८७६ साली जपानात सामान्यजनांस तलवार लावून हिंडण्याची बंदी झाली. तरीही ही कला टिकली, हे योग्यच झाले.

परंतु एवढ्या शोभेत पाते मुठीत धरून ठेवते ती वेळूची चिमुकली खुंटी! तीच झिजली, तर पाते निसटून कोणाचाही घात होईल. म्हणून खऱ्या रसिकाने आधी खुंटी पारखावी, मगच रेशमाचा रंग निवडावा. बळकटीवाचून शोभा व्यर्थ होय.