नक्कल नव्हे, अनुकीर्तन

जत्रेच्या रात्री देवळापुढे रंगणाऱ्या दशावतारास ‘नुसती नक्कल’ म्हणून नाक मुरडणारे सुशिक्षित नकळत प्लेटोचेच मत उगाळतात. ‘मिमेसिस’ सत्यापासून दूर, असे त्याने ठरविले. इंग्रजी ‘मिमिक’ त्याच ग्रीक कुळातला, ‘इमिटेट’ लॅटिन. हिणवली जाणारी ‘कॉपी’ मात्र लॅटिन ‘कोपिया’पासून, म्हणजे विपुलतेपासून आली! खुद्द ‘नक्कल’ अरबी. या परक्या मापांनी घरचे धान्य कशास मोजावे? भरतमुनींनी नाट्यास भावांचे अनुकीर्तन म्हटले. अभिनवगुप्ताने तर अनुकरणवादच खोडून काढला: ज्यांनी रामास पाहिलेच नाही, त्यांना त्याची नक्कल कशी ओळखता येणार? संकासुराचेही तेच. पाहुण्या शब्दांचा मान राखावा. घरच्या विद्येचे मोल मात्र घरच्याच मापाने करावे.