दुसरा प्रश्न कोण विचारणार?

सहामाही परीक्षा आटोपली, की शहरातील शाळाशाळांतून पालकसभांचा हंगाम सुरू होतो. वर्गाबाहेर रांग लागते. एकेका पालकाच्या वाट्याला चार-पाच मिनिटे येतात. गुणपत्रिका पुढे सरकते, सही होते, ‘अभ्यासाकडे जरा लक्ष द्यायला सांगा’ असे बाई म्हणतात, ‘हो बाई’ असे आई म्हणते, आणि पुढच्याला हाक जाते. एखाद्या शाळेने अभिप्रायाचे छापील पत्रक दिलेच, तर ‘समाधानकारक’ या रकान्यात खूण होऊन ते परत येते. हा व्यवहार इतका अंगवळणी पडला आहे, की त्यात कोणी कोणाशी काहीच बोललेले नाही, ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही.

कायद्याला एवढेच अभिप्रेत नव्हते. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या चोविसाव्या कलमाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, आकलन व प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले. त्याच अधिनियमाने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा दंडक घातला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रगतिपत्रकाला घर आणि शाळा यांमधील दुवा म्हटले. म्हणजे पालकाला बसावयास खुर्ची मिळाली आहे. त्याचा आवाज मात्र अद्याप उमटलेला नाही.

याची कारणे उघड आहेत. आपण काही बोललो तर त्याचा राग मुलावर निघेल, ही धास्ती सुशिक्षित घरांतही असते. जी आई स्वतः शाळेची पायरी चढली नाही, तिला बाईंपुढे तोंड उघडणे म्हणजे आगाऊपणा वाटतो. मुंबई महानगरपालिकेच्या शाळा आठ माध्यमांतून चालतात. परंतु मुलाच्या शाळेची भाषा आणि घरची भाषा एकच असेल, याची शाश्वती नाही. बीडकडचे ऊसतोड कामगार तर दिवाळीच्या सुमारास घर सोडतात, ते उन्हाळ्यातच परततात; त्यांच्यासाठी पालकसभा ही कागदावरचीच गोष्ट राहते.

तथापि सारा दोष भीतीचा नाही, प्रश्नाचाही आहे. ‘आपण शिक्षकांच्या कामाबद्दल समाधानी आहात काय?’ हा प्रश्न पालकाकडून निकाल मागतो, माहिती मागत नाही. ‘सर चांगले आहेत’ या उत्तराने सरांना आनंद होईल. पण उद्या सकाळी वर्गात वेगळे काय करावे, हे त्यातून कळणार नाही. आम्ही स्वतः काही वर्षे हातात खडू धरला आहे, म्हणून खात्रीने सांगतो, की शिक्षकाला प्रशस्तिपत्राची गरज नसते. मुलगी गणिताच्या तासाच्या दिवशीच पोट दुखते म्हणून का रडते, मागच्या बाकावरून फळा दिसत नाही हे मुलाने घरी सांगितले पण वर्गात का सांगितले नाही, हे त्याला हवे असते. आणि ही माहिती पहिल्या प्रश्नाला कधीच बाहेर पडत नाही. ती दुसऱ्या, तिसऱ्या प्रश्नाला बाहेर पडते. साठ मुलांच्या वर्गात तो दुसरा प्रश्न विचारण्यास शिक्षकाला वेळ नाही, हेच या प्रकरणाचे मूळ आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेची जी नवी साधने आज उपलब्ध झाली आहेत, त्यांचा उपयोग नेमका येथे होऊ शकतो. पालकाने मोबाइलवर लिहिले किंवा बोलून सांगितले, की ‘मुलाला गणित जमत नाही’. तर यंत्र तेवढ्यावर न थांबता विचारते, ‘घरी गणित करताना तो नेमका कोठे अडतो?’ उत्तर येते, ‘हातच्याची वजाबाकी आली की वही मिटतो.’ यंत्र पुन्हा विचारते, ‘हे केव्हापासून?’ उत्तर येते, ‘गणपतीत आठ दिवस शाळा बुडाली तेव्हापासून.’ दहा रकान्यांतील दहा खुणांपेक्षा ही दोन वाक्ये शिक्षकाच्या अधिक कामाची आहेत. शिवाय हा संवाद रात्री कामावरून परतल्यावर, स्वतःच्या भाषेत होऊ शकतो. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेल्या ‘भाषिणी’ उपक्रमाची दिशाही बोलभाषांतील ही दरी कमी करण्याचीच आहे. अहिराणी, मालवणी, गोंडी वा कोरकू बोलणाऱ्या आईचे बोलणे मात्र यंत्राला मराठीइतके समजेल, अशी आशा आज धरणे धाडसाचे होईल.

प्रश्न विचारून माणसाला बोलते करण्याची ही विद्या नवी नव्हे, आणि तिचे धोकेही नवे नव्हेत. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या कारखान्यात १९२८ ते १९३० या काळात वीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती झाल्या. आरंभी प्रश्न ठरावीक होते. कामगाराच्या मनात निराळेच काही आहे असे दिसल्यावर मुलाखतकारांनी यादी बाजूला ठेवली, आणि तो जे बोलेल त्याचाच धागा धरून पुढे विचारण्यास प्रारंभ केला. अर्ध्या तासाची मुलाखत दीड तास चालू लागली. परंतु याच प्रयोगात असेही आढळले, की बोलून मन हलके झालेले काही कामगार परिस्थिती सुधारल्याचे सांगत, जरी प्रत्यक्षात तीत काहीच बदल झालेला नव्हता. पुढे १९६६ साली जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ या संगणकीय कार्यक्रमाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. समोरच्याच्या वाक्याचा प्रश्न करून त्यालाच परत देणे, एवढीच त्याची करामत; तरी माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली, हे पाहून खुद्द त्याचा कर्ता अस्वस्थ झाला. आजची यंत्रे त्याहून कितीतरी अधिक समर्थ आहेत. पण धडा तोच आहे. बोलते करणे म्हणजे ऐकणे नव्हे, आणि ऐकल्याचा भास हा तर न ऐकण्याहून घातक होय.

म्हणूनच शिक्षकवर्गाच्या मनातील शंका आम्ही रास्त मानतो. निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणे यांच्या भाराखाली वाकलेल्या शिक्षकावर आणखी एक पाळत बसविली जाणार काय, हा त्याचा प्रश्न आहे. २०१५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या ऑनलाइन वर्गांवर झालेल्या अभ्यासात असे दिसून आले, की शिकविणारी व्यक्ती पुरुष आहे असे विद्यार्थ्यांना वाटले, तर तिला अधिक गुण मिळत; प्रत्यक्षात शिकविणारा कोण होता, याला महत्त्व राहिले नाही. आपल्याकडे जात, भाषा आणि वय यांचे पूर्वग्रह याहून सौम्य असतील, असे मानण्यास आधार नाही. यंत्राने ‘काय आवडले नाही?’ असे तीनदा खोदून विचारले, तर नसलेली तक्रारही निर्माण होईल. आणि शेकडो उत्तरांचा यंत्राने केलेला गोषवारा संस्थाचालकाच्या मेजावर पडला, की त्याचा उपयोग शिकविणे सुधारण्यासाठी होईल की एखाद्या नावडत्या शिक्षकाला घालविण्यासाठी, हे सांगता येणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेतील दोन बालिकांवरील अत्याचाराच्या तक्रारीची दखल वेळेवर घेतली गेली नाही, म्हणून संतप्त नागरिक रेल्वेच्या रुळांवर उतरले. पालकाचे म्हणणे ऐकले न जाण्याची किंमत केवढी असू शकते, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले. उद्या अशीच एखादी आई यंत्रापुढे अडखळत काही सांगू लागली, तर यंत्राने पुढचा प्रश्न विचारीत बसणे हा गुन्हा ठरेल. तेथे संवाद थांबला पाहिजे आणि जबाबदार माणसाच्या हाती तत्क्षणी गेला पाहिजे. अशा गुन्ह्याची वर्दी देणे हे २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक केले आहे. ते बंधन माणसावर आहे, यंत्रावर नाही.

तेव्हा या साधनाचे स्वागत करताना आमच्या अटी स्पष्ट आहेत. आपण यंत्राशी बोलत आहोत, हे पालकाला प्रथम सांगितले जावे. पहिला प्रश्न काय असावा, हे त्या वर्गाच्या शिक्षकाने ठरवावे. पुढचे प्रश्न दोन-तीनांच्या वर जाऊ नयेत, आणि ते मुलाच्या शिकण्याविषयी असावेत, शिक्षकाच्या स्वभावाविषयी नव्हेत. उत्तरे पालकाच्या मूळ शब्दांसह प्रथम शिक्षकाकडे जावीत आणि वेतनवाढ, बदली वा चौकशी यांच्याशी त्यांचा संबंध जोडला जाऊ नये. खऱ्या तक्रारीसाठी निराळे दार उघडे असावे. मुलांची माहिती कोठे साठते व केव्हा पुसली जाते, हे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या कसोटीला उतरावे. ज्यांच्या घरी मोबाइल नाही, किंवा ज्यांची बोली यंत्राला कळत नाही, त्यांच्याकडे माणूसच गेला पाहिजे.

आणि सर्वांत महत्त्वाची अट ही, की पालकाने सांगितल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत शिक्षकाने वर्गाच्या पालकांना सांगावे, की आपण हे कळविलेत, त्यावरून आम्ही हे बदलले, आणि अमुक गोष्ट या कारणास्तव बदलता आली नाही. हे उत्तर यंत्राकडून लिहवून घेता कामा नये. त्यासाठी शिक्षकाला आठवड्यात एक मोकळा तास द्यावा लागेल, आणि तो त्याच्या इतर कागदी कामातून कापून द्यावा लागेल. यंत्राच्या खरेदीस पैसा सहज निघतो, शिक्षकाला तास मात्र सहज मिळत नाही, हा आपल्याकडचा अनुभव आहे.

महापालिकेने आपल्या आठ माध्यमांतील निवडक शाळांत, शिक्षक संघटनांना विश्वासात घेऊन, एक वर्ष हा प्रयोग करून पाहावा. तो यशस्वी झाला की नाही हे किती उत्तरे जमली यावरून ठरवू नये. पुढच्या पालकसभेत बाईंनी ‘अभ्यासाकडे लक्ष द्या’ याऐवजी ‘वजाबाकीचे आपण असे करू या’ असे म्हटले, आणि ‘हो बाई’ म्हणणारी आई त्यानंतर आणखी एक वाक्य बोलली, तर हा खर्च सार्थकी लागला असे समजावे.