संकेतस्थळाचे पहिले पान

काळेवाडीतील जे व्यापारी बंधू चाकण-भोसरीच्या कारखान्यांना माल पुरवू इच्छितात, त्यांची पेढी पाहण्याआधी खरेदी अधिकारी बहुधा त्यांचे संकेतस्थळ पाहतो. संपूर्ण स्थळ तयार होईपर्यंत ते कोरे ठेवू नये. टिम बर्नर्स-ली यांचे १९९१ मधील जगातले पहिले संकेतस्थळही साध्या मजकुराचेच होते.

आरंभीच्या पानावर पेढीचे नाव, मालाचा प्रकार, पूर्ण पत्ता, दूरध्वनी, कामाची वेळ आणि जीएसटी क्रमांक एवढे पुरे. महाराष्ट्रातील हा १५ अक्षरांकी क्रमांक २७ ने सुरू होतो व शासकीय पोर्टलवर कोणासही पडताळता येतो. अनोळखी ग्राहकाचा पहिला विश्वास तेथेच बसतो. ‘लवकरच येत आहोत’ एवढ्याच पाटीने तो बसत नाही.

खरी दक्षता डोमेनबाबत हवी. हे नाव कायमचे विकत मिळत नाही; ठरावीक मुदतीसाठी मिळते. नूतनीकरण राहिले, तर ते दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. म्हणून नोंदणी पान बनवणाऱ्याच्या नव्हे, पेढीच्या नावे व पेढीच्याच ईमेलवर करावी आणि मुदतीची तारीख वहीत टिपून ठेवावी. कर्ज देताना बँक इमारतीच्या रंगापूर्वी मालकीचे कागद तपासते. येथेही क्रम तोच असावा.